बहात्तर ठिपक्यांचा गळा

आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला पहिला माणूस मी. आणि ज्यात माणसाचं डोकंच शिरत नाही असे सदरे गावात पहिल्यांदा निघाले, तेही आमच्याच घरातून. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे.

आमचं गाव गोरेगावच्या पुढं, धानाच्या बांध्यांच्या, म्हणजे भातखाचरांच्या, मधोमध. आईवडील गेल्यावर घरात आम्ही तिघं. दादा शेती पाहायचा, वहिनी शिलाई मशीन चालवायची आणि मी गोंदियाला बीएस्सी करायचो. खरं सांगायचं तर माझं बीएस्सीही वहिनीच करायची. धान वर्षातून एकदा घरात येतं, कॉलेजची फी मात्र वेळीअवेळी येते. अशा वेळी गावातल्या बायकांचे ब्लाउज, पोरींचे फ्रॉक, उशांचे अभ्रे यांच्या जोरावर वहिनी मला पुढच्या वर्गात ढकलायची. पायडल ती मारायची, पुढं सरकायचो मी. आणि याबद्दल ती एक शब्द कधी बोलली नाही. तीच तर पंचाईत! बोलून दाखवणाऱ्याचे उपकार एखाद्या भांडणात फिटून तरी जातात. न बोलणाऱ्याचे फेडायचे कुठं?

मी ठरवलं, कॉम्प्युटरवर फेडायचे.

पदवी हातात पडल्यावर मी गोंदियातून एक जुना कॉम्प्युटर आणला. लोकांचे अर्ज टाइप करून द्यावेत, असा बेत. मॉनिटर जुन्या तऱ्हेचा, पंधरा इंची, मागून रांजणासारखा आणि पुढून काचेचं पोट सुटलेला. सोबत एक प्रिंटरही होता. त्यानं दुसऱ्याच महिन्यात डोळे मिटले. त्यामुळं अर्ज पडद्यावर फार सुंदर दिसायचे, कागदावर मात्र यायचे नाहीत! धंदा बसला. मग माझी नजर वहिनीच्या कात्रीकडं वळली.

"वहिनी, तुम्ही ब्लाउजचा गळा अंदाजानं कापता. मी कॉम्प्युटरवर काढून देतो. अगदी अचूक." (पदवी मिळाल्यापासून मी घरात शुद्ध बोलायचो.)

"काऊन? माह्या अंदाजानं आजवर कोनाचं बिघडलं, भाऊजी?"

"बिघडलं नाही. पण शास्त्रीय पद्धत म्हणून काही असतं की नाही?"

"असन बापा. तुमी शिकलेले मानसं."

शास्त्रीय पद्धत अशी होती. पडदा म्हणजे ठिपक्यांची जाळी. माझ्या पडद्यावर आडवे आठशे ठिपके आणि उभे सहाशे. मी एक रेघ काढली, वहिनीचा टेप काचेला लावला आणि मोजलं. बहात्तर ठिपक्यांत बरोबर एक इंच! वहीत लिहून ठेवलं: 'बहात्तर ठिपके म्हणजे एक इंच'. खाली दोन रेघा मारल्या. जणू सूर्य पूर्वेला उगवतो, त्याच्याच पुढची ओळ.

आता प्रिंटर नसताना पडद्यावरचा गळा कापडावर कसा आणायचा? त्याचीही युक्ती काढली. गोरेगावच्या बाजारातून पतंगाचा पातळ कागद आणायचा आणि थेट पडद्याला लावायचा. त्या जुन्या काचेत अशी काही वीज भरलेली असायची, की कागद 'चर्रर्र' करून आपणहून चिकटायचा. वहिनी पेन्सिलनं आतली आकृती गिरवायची, कागद कापायची, कापडावर ठेवायची, खडू फिरवायची. (मधेच लाइन गेली तर अर्धा गळा आज, अर्धा उद्या.) वर्षभर हा कारभार बिनबोभाट चालला. पानाचा गळा, मडक्याचा गळा, चौकोनी गळा! बायका वहिनीला म्हणायच्या, "तुहा देर लय हुशार हाय वो!" मी बाजेवर बसून ऐकत नसल्याचं नाटक करायचो.

आणि मग तो मॉनिटर गेला. पडद्यावर मधोमध एक पांढरी रेघ उरली, रेघेचं टिंब झालं, टिंबाचा वास आला. मी गोंदियाला जाऊन नवा आणला. त्या वर्षांत रुंद पडदे नुकतेच सगळीकडं दिसायला लागले होते. चपटा, हलका, साडेअठरा इंची. एसटीत मांडीवर घेऊन बसलो, तर कंडक्टर म्हणाला, "टीव्हीचं तिकीट काढा."

"हा टीव्ही नाही, मॉनिटर आहे."

"मंग मॉनिटरचं काढा."

घरी दादानं त्याच्याभोवती एक फेरी मारली. "हे काऊन इतकं चपटं हाय गा? बसच्या चाकाखाली आलं का?"

"दादा, नवीन तऱ्हा आहे. उंची कमी, रुंदी जास्त."

कॉम्प्युटरचं खोकं जुनंच होतं. त्याला मॉनिटर बदलल्याचा पत्ताच नव्हता. ते बिचारं पूर्वीसारखेच आडवे आठशे आणि उभे सहाशे ठिपके पाठवत राहिलं, आणि नवा मॉनिटर तेवढेच ठिपके ताणून ताणून आपली रुंद काच भरत राहिला. पडदा काठोकाठ भरला, अक्षरं धष्टपुष्ट झाली. मी माझा पदवी घेतानाचा फोटो उघडला. चांगला खातापिता दिसलो. मला वाटलं, पदवीचं तेज असावं.

त्याच आठवड्यात कवडूजी आले. कवडूजी म्हणजे आमच्या गावच्या खंजिरी भजन मंडळाचे प्रमुख. बारा माणसं, बारा खंजिऱ्या, आणि कवडूजींचा एकट्याचा आवाज बाकी अकरा जणांइतका. गोरेगावला भजनस्पर्धा होती. मंडळाचे कपडे शिवणारा तिथला टेलर पोराकडं नागपूरला निघून गेला होता. कवडूजी अंगणात उभे राहून बराच वेळ आमच्या छपराकडं पाहत राहिले. मग म्हणाले,

"पाय सूनबाई, बाईनं मानसाचे कपडे शिवल्याचं मी तं आजवर आयकलं नाई. पन आता इलाज नाई. बारा सदरे पायजे. आठ दिवसांत होईन का?"

वहिनीनं डोक्यावरचा पदर सारखा केला. "होऊन जाईन, मामाजी." (सासऱ्याच्या वयाच्या माणसाला आमच्याकडं सुना मामाजीच म्हणतात.)

"कालर नको, गुंडी नको. खंजिरी वाजवताना गळ्यापाशी कायी टोचलं नाई पायजे. गोल गळा. डोस्क्यातून घातला, का झालं."

"हाव."

"आनि बिघडले, तं मंग गावातला कोनी मानूस तुह्याकडं कपडा टाकनार नाई. आताच सांगून ठेवतो. मागून म्हनजो नको."

ते गेल्यावर वहिनी मशीनजवळ नुसतीच बसून राहिली. तिला असं रिकामं बसलेलं मी क्वचितच पाहिलं होतं.

"भाऊजी," ती म्हणाली, "हे बारा सदरे जमले, तं मानसाचे कपडे यायले लागतीन. लगनाचे, सनावाराचे. बायकाच्या ब्लाउजावर कितीक दिवस निभवायचं? याचा गळा मी हातानंच मारतो म्हनतो."

आता या ठिकाणी एखादा समजदार माणूस 'मारा' म्हणाला असता आणि शेतावर निघून गेला असता. पण मी बीएस्सी!

"वहिनी, एवढं मोठं काम आणि अंदाजानं? छे! मी आहे ना!"

सात इंच रुंद आणि पाच इंच खोल असा गळा मी काढला. सात गुणिले बहात्तर, पाचशे चार ठिपके. वहिनीनं पतंगाचा कागद नव्या पडद्याला लावला. तो चिकटेना. मी दोन्ही हातांनी धरून उभा राहिलो. तिनं पेन्सिल टेकवली आणि पडद्यावर तळ्यात खडा पडल्यासारखे तरंग उठले.

"माय! हे तं हालून राहिलं! आत पानी भरलं हाय का?"

"नवीन पडदे असेच असतात. तुम्ही गिरवा."

तिनं गिरवलं, मागं सरकली आणि मान तिरपी करून पाहिलं. "भाऊजी, गळा भल्ला रुंद दिसून राहिला."

"सात इंच आहे."

"टेप लावून पायतो."

"वहिनी! कॉम्प्युटरला टेप लावता? पाचशे चार ठिपके आहेत. गणित आहे हे!"

वहिनीनं टेप परत गळ्यात टाकला. एवढं सांगतो, की तिचा डोळा चुकला नव्हता. माझ्या शिक्षणावर तिनं स्वतः इतकी वर्षं पायडल मारलं होतं. त्या शिक्षणाला खोटं कसं पाडायचं, म्हणून तिनं कात्री उचलली.

सहा सदऱ्यांचं कापड एकावर एक ठेवून तिनं गळे कापले, सदरे शिवले, इस्त्री करून पेटीत ठेवले. पतंगाचा कागद कात्रीखाली फाटून गेला. तो एका खेपेपुरताच टिकायचा.

दोन दिवसांनी मी सहज पडद्यावर एक चेंडू काढला. चेंडू पपईसारखा आला. पुन्हा काढला. पुन्हा पपई! तेव्हा कुठं डोक्यात उजेड पडायला लागला. सेटिंग उघडून पाहिलं, तर या मॉनिटरचे स्वतःचे म्हणून ठिपके वेगळेच होते. आडवे तेराशे सहासष्ट आणि उभे सातशे अडुसष्ट. मी ते लावले. पडदा असा काही लख्ख झाला म्हणता! अक्षरं बारीक पण रेखीव, चेंडू गोल गरगरीत. माझ्या फोटोतलं तेज तेवढं गेलं.

आता इथं मी वहिनीला सांगायला हवं होतं, की पहिल्या सहा गळ्यांत काहीतरी गडबड झाली असावी. मी काय केलं? 'थोडाफार फरक असेल, कापडात जिरून जाईल' असं मनाशी म्हणालो. (कापडात पाणी जिरतं, चूक जिरत नाही, हे बीएस्सीला नव्हतं.) आणि उरलेल्या सहा सदऱ्यांसाठी तोच पाचशे चार ठिपक्यांचा गळा पुन्हा पडद्यावर आणला.

वहिनीनं कागद लावला. "भाऊजी, आता हा लहान दिसते."

"आता अगदी अचूक आहे."

"आता? मंग मांगचा काय होता?"

"तोही अचूकच होता. हा जास्त अचूक आहे."

वहिनीनं पेन्सिलीला टोक काढलं. मग गिरवायला लागली.

स्पर्धेच्या आदल्या दिवशी दुपारी बाराही भजनी आमच्या अंगणात जमले. दादानं सतरंजी टाकली. पहिल्या खेपेचे सदरे आधी निघाले, ते कवडूजी आणि पहिल्या पाच जणांना मिळाले. कवडूजींनी सदरा डोक्यातून घातला. तो डोक्यातून उतरला, मानेवरून उतरला आणि उतरतच राहिला! उजवा खांदा आत ढकलला तर डावा बाहेर, डावा आत घेतला तर उजवा बाहेर. त्यांनी खंजिरी उचलली मात्र, सदऱ्यानं एकदम काखेपर्यंत मुक्काम हलवला. बाकी पाच जणांचीही तीच गत. सहा थोराड माणसं आपापले खांदे पकडून उभी.

"हे काय हाय, सूनबाई? भजन म्हनायचं का आंघोळ करायची?"

तेवढ्यात पाठीमागून दबका आवाज आला, "धरा गा मले कोनीतरी!"

तो टीकाराम. मंडळातला सगळ्यात धिप्पाड माणूस, डोकं चांगलं कलिंगडाएवढं. त्याला दुसऱ्या खेपेतला सदरा मिळाला होता. हात बाह्यांत गेले होते, गळा कपाळापर्यंत येऊन अडकला होता, आणि टीकाराम आतून चाचपडत तुळशीकडं निघाला होता. दादा धावला. दोघांनी सदरा खाली ओढला, दोघांनी वर ओढला. दोन्हीकडून टीकारामच ओरडला.

"आत लय अंधार हाय गा! कान गेला माहा, कान!"

"कोनता?"

"दोनी!"

शेवटी 'चर्र' आवाज झाला आणि टीकाराम बाहेर आला. दोन्ही कान लालभडक, पण जागेवर. बाकी पाच जणांनी आपापले सदरे हळूच खाली ठेवले.

कवडूजी डावा खांदा झाकत म्हणाले, "म्हनून म्हनत होतो मी. मानसाचे कपडे मानसानंच शिवावं. बाईचं काम नाई ते."

वहिनी दारात उभी होती. मला वाटलं, आता ती माझ्याकडं बोट दाखवणार. 'भाऊजीनं सांगितलं' हे दोन शब्द तिनं उच्चारले असते, तर तिची सुटका होती. तिनं ते उच्चारले नाहीत. नुसती खाली मान घालून टेप बोटाला गुंडाळत राहिली. गुंडाळला, सोडला, पुन्हा गुंडाळला.

माझ्या कॉलेजसाठी तिनं पायडल मारलेली ती तीन वर्षं मला आठवली. माझे पाय सतरंजीवरून आपोआप पुढं गेले, आणि माझं शुद्ध मराठी जागच्या जागी गळून पडलं.

"काका, तिची चुकी नाई. माही हाय. गळे मी काढले कॉम्प्युटरवर. ते दोनदा सांगत होती, मीच आयकलं नाई."

"तू? तू तं कालेज शिकला ना गा?"

"शिकलो म्हनूनच झालं."

मग मी बारा माणसांना पडदा समजावून सांगायला लागलो. ठिपके तेवढेच, काच मोठी, त्यातही रुंदी जास्त, म्हणून ठिपका आडवा फुगला, वगैरे. बारा चेहरे जसेच्या तसे. शेवटी मी भाताच्या लावणीवर, आमच्याकडच्या रोवण्यावर आलो. म्हणालो, "आसं पाहा, काका. तुमच्या बांधीत रोवणा चालू हाय. रोपांच्या ओळी मोजून आठशे. आता तेवढ्याच ओळी तुमी मोठ्या, रुंद बांधीत लावल्या, तं काय होईन?"

"रोवणा पातळ होईन. दोन ओळीत अंतर वाढन."

"तसाच ठिपका मोठा झाला. मी पाचशे चार ओळी मोजून दिल्या. त्यात सात इंच भरायचे, भरले दहाच्या वर!"

कवडूजींचे डोळे चमकले. "आनि मंग या टीकारामाचा?"

"मंग मी त्याच बांधीत रोप वाढवलं. रोवणा दाट झाला. पुन्हा पाचशे चारच ओळी मोजल्या. सहा इंचही भरले नाई."

"म्हंजे," कवडूजी सगळ्यांकडं वळून म्हणाले, "या बेट्यानं बांधी मोजलीच नाई! नुसत्या ओळी मोजत बसला!"

माझ्या तीन वर्षांच्या शिक्षणाचा याहून नेमका निकाल कोणत्याही परीक्षकानं लावला नव्हता. अंगणात असा हशा पिकला, की टीकारामही कान धरून हसला.

वहिनीनं मात्र हसण्यात वेळ घालवला नाही. "मामाजी, उद्या कितीले निघायचं हाय?"

"सकाळी धाले."

"संदीपारी दिवे लागायच्या आंदी घेऊन जा. सगळे इथं ठेवा."

आणि तिनं हातानं काम सुरू केलं. लहान गळे टेप लावून, खडूनं आखून मोठे केले. सोपं होतं ते. पण मोठे झालेले गळे लहान कसे करायचे? कापलेलं कापड काही परत येत नाही. तिनं कुणाच्या तरी ब्लाउजातून उरलेल्या लाल कापडाच्या तिरप्या पट्ट्या कापल्या आणि रुंद गळ्यांना आतून रुंद काठ लावला. सहा सदरे असे आणि सहा तसे दिसायला नकोत, म्हणून दुसऱ्या सहांचे गळे आणखी जरा मोकळे कापून त्यांनाही तसाच काठ लावला. पांढरे सदरे, लाल गळे! मी काय मदत करू, असं विचारलं, तर म्हणाली, "सुईत दोरा ओवून देजा." पदवीधराला ते जमलं. तिसऱ्या खेपेला.

कामाच्या मधेच मी हळूच म्हणालो, "वहिनी, तुमी माहं नाव काऊन नाई सांगितलं?"

दातात दोरा तोडत ती म्हणाली, "तुमाले येवढं शिकवलं, भाऊजी. चारचौघांत खाली पाहायले लावू का?"

मी पुढच्या सुईत दोरा ओवायला घेतला.

स्पर्धेत आमच्या मंडळाचा नंबर आला नाही. (आवाज बारा जणांचा होता, पण ऐकू एकट्या कवडूजींचा आला.) मात्र उतरताना दुसऱ्या एका मंडळाच्या माणसानं कवडूजींना थांबवून विचारलं, की हे लाल काठाचे सदरे शिवले कोणत्या टेलरनं? कवडूजी स्टेजच्या पायरीवर थांबले, खंजिरी काखेत मारली आणि जेवढा लागेल त्याच्या दुप्पट आवाजात म्हणाले, "टेलर काहाचा? आमची सूनबाई हाय!" दादा खाली उभा होता. त्यानं ते घरी येऊन चार वेळा सांगितलं. वहिनीनं चारही वेळा पहिल्यांदाच ऐकल्यासारखं ऐकलं.

पंधरा दिवसांनी कवडूजी पुन्हा अंगणात. या वेळी छपराकडं न पाहता सरळ बोलले. पोराचं लग्न जमलं होतं. नवरदेवाचा सदरा, त्यांचा स्वतःचा आणि घरातल्या सगळ्या माणसांचे कपडे, सगळं इथंच शिवायचं होतं.

वहिनीच्या चेहऱ्यावर जे आलं, ते पाहून मला वाटलं, की माझं निम्मं ऋण तरी आज फिटलं. मी अभिमानानं पुढं सरकलो. तेवढ्यात ती पदर सावरून कवडूजींना म्हणाली,

"शिवून देतो ना, मामाजी. फक्त कापड आनायचं तं भाऊजी घरी नसतीन त्या दिवशी आना."

"कोनत्या दिवशी नसते तो?"

मीच म्हणालो, "उद्या."

आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं मी गोंदियाला गेलो. तिथं माझं काहीही काम नव्हतं. स्टेशनसमोर दोन चहा घेतले, एक पेपर शेवटच्या पानापर्यंत वाचला आणि संध्याकाळी घरी आलो. वहिनीच्या धंद्याला आजवर माझ्या शिक्षणाची जी काही मदत झाली, ती एवढीच.